सकाळी सातला तुटणारं इंटरनेट: मोडेम-राउटर दुरुस्तीच्या नोंदी

११ जानेवारी, शनिवार

आजपासून सगळं लिहून ठेवते आहे. डिसेंबरच्या मध्यापासून घरचं इंटरनेट मधेच जातं आणि दोन-चार मिनिटांनी आपोआप परत येतं. गेल्या आठवड्यात राउटर जुना झाला असं धरून नवा आणला. फरक काहीच पडला नाही. अंदाजाने वस्तू बदलणं आता बंद. आधी मोजायचं, मग हात लावायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सगळ्यात जास्त त्रास सकाळी होतो. आई साताऱ्याहून तिच्या संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ कॉल लावते. तेव्हा इथे न्यू जर्सीत, एडिसनला, सकाळचे सात वाजलेले असतात. पाच मिनिटं बरी जातात, मग ती म्हणते, "तुझा चेहरा थिजला गं," आणि पाठोपाठ आवाजही जातो. ऑफिसची मीटिंग तुटली तर फोनच्या डेटावर जाऊन निभावता येतं. आई मात्र एकटी असते आणि कॉल तुटला की फोन हातात धरून वाट बघत बसते. म्हणून हे काम नीट आणि शेवटपर्यंत करायचं आहे.

घरातली मांडणी अशी. रस्त्यावरच्या खांबावरून केबलची एक तार घराच्या उत्तरेच्या भिंतीवरच्या करड्या पेटीत येते. तिथून आत तळघरात, तळघरातून वर अभ्यासाच्या खोलीत मोडेमला. मोडेम ते राउटर इथरनेटची वायर. घर १९७० च्या दशकातलं, त्यामुळे केबलची जुनी कामंही बरीच आहेत.

नवा राउटर लावताना अर्धा तास वाया गेला होता, तेही लिहून ठेवते. बरेच केबल मोडेम चालू झाल्यावर जे पहिलं उपकरण दिसेल त्याचाच मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख-क्रमांक) धरून ठेवतात. राउटर बदलला की मोडेमची वीज काढून परत लावावी लागते, नाहीतर नव्या राउटरला पत्ताच मिळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

कपाटातला रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक बाहेर काढला आणि वायरने राउटरला जोडला. दर पाच सेकंदांनी तो चार ठिकाणी पिंग करून (म्हणजे छोटी हाक मारून उत्तर येतं का ते बघून) वेळेसकट फाइलमध्ये लिहील: राउटर (१९२.१६८.१.१), मोडेम (१९२.१६८.१००.१), कंपनीच्या बाजूचा पहिला थांबा आणि इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर (८.८.८.८). बहुतेक केबल मोडेम १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर उत्तर देतात, इंटरनेट बंद असतानासुद्धा.

एसटी बंद पडली तर ती कुठल्या थांब्यापर्यंत आली होती हे आधी विचारतो, तसंच हे आहे. चारांपैकी पहिलं उत्तर कुठे थांबलं ते कळलं की निम्मं घर संशयातून सुटतं.

सोबत लॅपटॉपवरून वाय-फायनेही तेच पिंग चालू ठेवले.

१३ जानेवारी, सोमवार

६:५२ ला गेलं, ६:५५ ला आलं. पुन्हा ७:११ ते ७:१४.

दोन्ही वेळा राउटर आणि मोडेम उत्तर देत होते, पुढचे दोन्ही गप्प. वायर आणि वाय-फाय एकाच सेकंदाला तुटले. म्हणजे वाय-फाय निर्दोष, राउटर निर्दोष, मोडेमची वीजही जात नाही. दोष मोडेमच्या भिंतीकडच्या बाजूला आहे. नव्या राउटरची पावती जपून ठेवली, परत करायची मुदत अजून शिल्लक आहे.

स्पीड टेस्टबद्दल. रात्री दहाला केली तर ३०० एमबीपीएस पुरे येतात. दिवसातून तीन-चारदा तीन मिनिटं तुटणाऱ्या जोडणीबद्दल ती टेस्ट काहीच सांगत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईने वाटीतला तिळगूळ कॅमेऱ्यासमोर धरला, "तिळगूळ घे आणि" एवढं ऐकू आलं आणि चित्र थांबलं.

फोन ठेवला आणि लगेच मोडेमचं आतलं पान उघडलं. ब्राउझरमध्ये तोच १९२.१६८.१००.१ टाकला की सिग्नलचा तक्ता दिसतो. मोडेम बंद-चालू करण्याआधी हा तक्ता टिपून ठेवायला हवा, कारण नव्याने सुरू झाल्यावर चुकांची मोजणी शून्यावर जाते आणि पुरावा पुसला जातो. डिसेंबरभर मी नेमकं तेच पुसत होते.

आजचे आकडे:

डाउनस्ट्रीम (कंपनीकडून घराकडे): २४ चॅनेल, ४०५ ते ५४३ मेगाहर्ट्झ. ताकद उणे ११ डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आसपास. एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३५ ते ३६ डीबी.
अपस्ट्रीम (घराकडून कंपनीकडे): ४ चॅनेल. ताकद ५१ डीबीएमव्ही. दुपारी पाहिलं तेव्हा ४९.५.
लॉग: टी-३ टाइमआउटच्या, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याच्या, ओळीच ओळी. शेवटी 'सगळे प्रयत्न संपले' अशा अर्थाची एक.

डाउनस्ट्रीम ताकद शून्याच्या जवळ असावी. उणे ७ ते अधिक ७ म्हणजे निश्चिंत, आणि डॉक्सिस या केबल-इंटरनेटच्या मानकाच्या नियमाने उणे १५ ते अधिक १५ चालते. म्हणजे उणे ११ अशक्त, पण जिवंत. एसएनआर ३३ च्या वर आहे, तेही ठीक.

खरी गोष्ट अपस्ट्रीममध्ये आहे. तिथला आकडा म्हणजे मोडेम किती जोराने ओरडतो आहे. पलीकडे, कंपनीच्या केंद्रातलं यंत्र त्याला सतत सांगत असतं, "ऐकू येत नाही, आवाज वाढव," किंवा "पुरे, कमी कर." वाटेत सिग्नल जितका गळेल तितकं मोडेमला जास्त ओरडावं लागतं. माझ्या मोडेमची पिढी डॉक्सिस ३.०, हे मानक २००६ सालचं. चार चॅनेल एकत्र वापरताना तिची मर्यादा ५१ च्या आसपास येते. त्यापुढे घसा चालत नाही. मोडेम हाक मारतो, उत्तराची २०० मिलिसेकंद वाट बघतो, उत्तर आलं नाही की लॉगमध्ये टी-३ लिहितो. अशा १६ हाका वाया गेल्या की तो जोडणी सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. माझी तीन मिनिटं तिथे जातात.

डाउनस्ट्रीम अशक्त आणि अपस्ट्रीम चढलेला, दोन्ही एकदम. याचा अर्थ दोन्ही दिशांना सिग्नल एकाच जागी गळतो आहे. ती जागा बहुधा तळघरात असावी.

१५ जानेवारी, बुधवार

सातच का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी म्हणावी तर ती रात्री आठ-नऊला असते, तेव्हा एकदाही तुटलेलं नाही. आमची हीटिंगची भट्टी मात्र साडेसहाला जोरात सुरू होते. तिच्या मोटरमुळे केबलमध्ये विजेचा गोंगाट शिरत असेल का? आज थर्मोस्टॅट बदलून भट्टी पाचला लावली.

१६ जानेवारी, गुरुवार

भट्टी पाचला सुरू झाली. इंटरनेट ६:५८ ला गेलं. भट्टीचा संबंध नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आज तळघर. नवऱ्याने टॉर्च धरला, मी छताच्या तुळयांमागे हात घातला.

चार फाट्यांचा जुना स्प्लिटर सापडला. एक फाटा मोडेमकडे. दोन फाटे वरच्या खोल्यांतल्या भिंतींवर, जिथे आता टीव्हीच नाही. चौथा तसाच उघडा. प्रत्येक फाट्यावर ७ डीबी कोरलेलं. डेसिबलचा हिशोब सरळ वजाबाकीसारखा वाटतो, पण दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. ७ डीबी म्हणजे आलेल्या सिग्नलचा साधारण पाचवा हिस्साच पुढे जातो. बाकीचा रिकाम्या खोल्यांमध्ये वाटला जात होता. शिवाय उघडा फाटा म्हणजे बाहेरच्या गोंगाटाला दार. फाटा वापरात नसेल तर त्यावर ७५ ओहमची टोपी हवी.

आम्हाला एकच मोडेम चालवायचा आहे, म्हणून स्प्लिटर पूर्ण काढला आणि दोन केबल एका साध्या जोडणीच्या नळीने थेट जोडल्या. मोडेमकडच्या केबलचा कनेक्टर नुसत्या बोटाने फिरत होता. हाताने घट्ट करून वर ११ मिमीच्या पान्याने थोडासा आवळला. जास्त आवळला तर मोडेमच्या मागचा भाग मोडू शकतो.

लगेच तक्ता पाहिला. डाउनस्ट्रीम उणे ११ वरून उणे ४. अपस्ट्रीम ४९.५ वरून ४२.५. दोन्हीकडे बरोबर ७. स्प्लिटरवर कोरलेला आकडा मोडेमच्या तक्त्यात उतरलेला पाहून फार बरं वाटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस एकही खंड नाही. काल आईशी सलग ४० मिनिटं बोलणं झालं.

२२ जानेवारी, बुधवार

७:०६ ला गेलं. ७:०९ ला आलं.

खूप थंडी आहे, बाहेरचा तापमापक उणे ९ अंश सेल्सिअस दाखवतो. आईला मेसेज केला की कॉल दुपारी करते. दुपारी म्हणजे तिच्याकडे रात्री अकरा. ती जागी राहिली.

स्प्लिटर दोषी होता, पण एकटा नव्हता. तो काढल्यामुळे मोडेमला ओरडायला ८-९ डीबीची जागा मिळाली आणि दुसरा दोष त्या जागेत तीन दिवस दडून राहिला.

२३ जानेवारी, गुरुवार

रात्री बसून एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला मोडेमचं पान वाचायचं, सगळ्या चॅनेलची ताकद आणि बाहेरचं तापमान एका ओळीत लिहायचं. मोडेमचं पान कसंबसं बनवलेलं आहे, त्यातून आकडे वेगळे काढायला दोन तास लागले.

२४ जानेवारी, शुक्रवार

या कामातला सगळ्यात बोलका दिवस.

५:३० ला तापमान उणे ४. अपस्ट्रीम ४२.५.
६:३५ ला उणे ६. अपस्ट्रीम ४५.
६:५८ ला उणे ७. अपस्ट्रीम ५१, लॉगमध्ये पहिला टी-३.
७:०३ ला तुटलं.
७:५० ला ऊन आलं. अपस्ट्रीम पुन्हा ४३.

या सगळ्या वेळात डाउनस्ट्रीम उणे ४ वरून फक्त उणे ४.६ झाला. यावर मी बराच वेळ विचार केला.

स्प्लिटर काढला तेव्हा दोन्ही दिशा सारख्याच, ७ ने हलल्या होत्या. आता अपस्ट्रीम एकटा साडेआठ डीबी चढतो आणि डाउनस्ट्रीमला जवळजवळ पत्ताच नाही. फरक फ्रिक्वेन्सीचा आहे. अमेरिकेतल्या या जुन्या पद्धतीच्या केबलवर अपस्ट्रीम ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये चालतो, माझे डाउनस्ट्रीम चॅनेल ४०० च्या वर. चांगली केबल उलट वागते, तिच्यात वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त गळतात आणि खालच्या कमी. फक्त खालच्याच अडत असतील तर कुठेतरी मधली तांब्याची तार टेकलेली नसून जेमतेम जवळ आहे. अशी बारीक फट कपॅसिटरसारखी वागते, वरच्या फ्रिक्वेन्सी तिच्यावरून उडी मारून जातात आणि खालच्या अलीकडेच राहतात.

बाहेरचा गोंगाट शिरत असता तर टी-३ आले असते, पण डाउनस्ट्रीमला हात न लावता अपस्ट्रीमची ताकद तापमानाच्या मागे अशी पायरीपायरीने चढली नसती.

सातचं कोडंही सुटलं. रात्रभर हवा गार होत जाते आणि सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागे असतं. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. केबल थंडीने आखडते, मधली तार कनेक्टरमधून केसभर मागे ओढली जाते, फट पडते. ऊन लागलं की सैलावते आणि पुन्हा टेकते. आईचा कॉल रोज नेमका त्याच वेळी येतो.

फट घराबाहेर असणार, कारण तळघर रात्रभर एकाच तापमानाला असतं.

२५ जानेवारी, शनिवार

पहाटे साडेसहाला जाकीट चढवून उत्तरेच्या भिंतीशी गेले. करड्या पेटीत ग्राउंड ब्लॉक आहे. खांबावरची तार आणि घरातली तार तिथे जोडल्या जातात आणि तो घराच्या अर्थिंगला बांधलेला असतो, म्हणजे वीज पडली तर ती आत येऊ नये. तो मी सोडवला नाही, कुणी सोडवूही नये. नुसता पाहिला. खांबाकडच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा गंज, पाण्यापासून बचावाची रबरी टोपी नाही, आणि तार खाली वळसा न घेता सरळ वरून आत येते, त्यामुळे पावसाचं पाणी ओघळत थेट कनेक्टरवर.

फोनवर तक्ता उघडा ठेवला. ७:०२ ला अपस्ट्रीम ५०.५. केस वाळवायचा ड्रायर लांब वायरीवर आणला होता. आधी दोन मिनिटं गार वारा दिला, आकडा हलला नाही. मग गरम वारा, फक्त त्या कनेक्टरवर. एक मिनिट ५०.५, मग ४८, मग ४४. तीन मिनिटांत ४२.५. ड्रायर बंद केला. सात-आठ मिनिटांत पुन्हा ४९.

मी तिथेच, थंडीत उभी राहून आईला कॉल लावला आणि भिंत दाखवली. "हे बघ, आई, इथून तुझा आवाज अडत होता." ती म्हणाली, "अगं, आधी आत जा, कानाला काही बांधलेलं नाहीस."

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा तसंच करून पाहिलं. गार वाऱ्याने काही नाही, गरमने ५१ वरून ४३. योगायोग नाही.

२७ जानेवारी, सोमवार

कंपनीला फोन. ४५ मिनिटं. मोडेम बंद-चालू करायला सांगितलं, तक्ता टिपून झाला होता म्हणून केलं. त्यांच्याकडून सगळं हिरवं दिसत होतं, कारण तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन होतं. तंत्रज्ञ सकाळी आठच्या आत येत नाही म्हणाले.

२९ जानेवारी, बुधवार

तंत्रज्ञ अकराला आला. मीटर लावला, सगळं उत्तम. भिंतीवरचा आतला एक कनेक्टर बदलून गेला. त्याने जे होतं ते मोजलं, त्याला मी दोष देणार नाही. अकरा वाजता दोष नसतोच. पुढची वेळ मागताना दिवसातली पहिली, आणि ज्या सकाळी तापमान उणे पाचच्या खाली सांगितलं आहे अशीच तारीख मागून घेतली.

३ फेब्रुवारी, सोमवार

८:१० ला दुसरा तंत्रज्ञ आला, वयाने मोठा. हवा अजून गारच होती. अपस्ट्रीम ४८. मी त्याला दहा दिवसांचा आलेख दाखवला, एका कागदावर: तापमानाची रेघ खाली जाते तिथे अपस्ट्रीमची वर. त्याने मिनिटभर तो पाहिला, मग ड्रायर मागितला आणि स्वतः करून पाहिलं. त्यानंतर एकही प्रश्न न विचारता शिडी आणायला गेला.

कनेक्टर उघडला तर मधली तार काळी पडलेली आणि आखूड. ती कनेक्टरच्या तोंडाबाहेर साधारण ३ मिमी दिसायला हवी. इथे ती तोंडाच्या आतच होती. बसवताना कुणीतरी आखूड कापली, वर्षानुवर्षं ती टोकावर टेकत राहिली, वर गंज चढला. या हिवाळ्यात तो टेकाही सुटला.

त्याने दोन्ही बाजूंना नवे कनेक्टर दाबून बसवले, ग्राउंड ब्लॉक नवा, अर्थिंगचा स्क्रू घासून पुन्हा आवळला, रबरी टोपी चढवली. तार पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाईल. एकूण २५ मिनिटं. अपस्ट्रीम ४१.५.

जाताना त्याने आलेखाचा फोटो काढून घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार

टी-३ शून्य. पाच सकाळी आईचे पाच कॉल, एकही तुटला नाही.

आता एक उरलेली कटकट, जी आधीच्या गोंधळात दिसत नव्हती. लेक शाळेचा व्हिडिओ अपलोड करायला लागली की माझ्या मीटिंगमधला आवाज रोबोसारखा होतो. मोजलं: एरवी पिंग २२ मिलिसेकंद, अपलोड चालू असताना ४३०. आमच्या जोडणीत डाउनलोड ३०० आणि अपलोड अवघा १० एमबीपीएस. मोडेम वर पाठवायचा माल आपल्या लांब रांगेत भरत जातो आणि माझा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. हे मात्र राउटरवर सुटतं.

गंमत अशी की त्याची सोय जुन्या राउटरमध्येच आहे. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची खुली प्रणाली आहे आणि त्यात एसक्यूएम ही रांग सांभाळणारी सोय मिळते. तो परत लावला, मोडेमची वीज आठवणीने काढून लावली. अपलोडची मर्यादा ९ एमबीपीएस ठेवली, म्हणजे खऱ्या क्षमतेपेक्षा थोडी कमी. त्यामुळे रांग मोडेममध्ये साचत नाही, राउटरमध्ये लागते, आणि राउटर प्रत्येकाला आळीपाळीने पुढे सोडतो. यामागची एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली आहे. लेकीचा व्हिडिओ चालू असताना आता पिंग ३४. तिच्या अपलोडला किंचित जास्त वेळ लागतो. तिला विचारलं, तिला कळलंही नव्हतं.

नवा राउटर दुकानात परत केला. पैसे मिळाले.

९ फेब्रुवारी, रविवार

वापरात नसलेल्या दोन खोल्यांतल्या केबलची टोकं तळघरात चिकटपट्टी लावून, त्यावर नाव लिहून ठेवली. जुना स्प्लिटर फेकला नाही, पण त्याच्यावर मार्करने लिहिलं: ७ डीबी, लावू नये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे उणे १०. अपस्ट्रीम ४१.५ वरून ४२ झाला, तेवढंच. टी-३ शून्य.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातील. मग आईचे साडेपाच म्हणजे आमचे आठ, आणि तोवर सूर्य वर आलेला असेल, थंडीही सरलेली. दुरुस्ती झाली नसती तरी हा दोष तेव्हा दिसेनासा झाला असता आणि डिसेंबरात परत आला असता. म्हणून स्क्रिप्ट चालूच ठेवते आहे, फक्त दर मिनिटाऐवजी दर पंधरा मिनिटांनी. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी आकडे पुन्हा बघेन.

आईने आज ५० मिनिटं कॉल चालू ठेवून भाजी निवडली. मधे दहा मिनिटं आम्ही दोघीही काही बोललो नाही.